उलट्या तारांचा मिक्सर

"हात नुसते फिरवायचे, ताई. आवाज आम्ही आतून सोडू," संयोजक म्हणाला. चेहरा असा, की जणू उपकारच करतोय.

"आणि लोक?" तबकडीने विचारलं.

"लोकांना काय कळतंय!"

"मग तुम्हीच उभे राहा की. हात तुम्हालाही आहेत."

सगळे तिला तबकडीच म्हणत. उभा जन्म तिने दोन रेकॉर्डप्लेअरच्या मागे काढला होता. फंकचा डुलवणारा ठेका घ्यायचा, त्यावर पंकमधला गिटारचा थयथयाट सोडायचा आणि हिप-हॉपच्या रीतीने दोन्ही तबकड्या तळव्याखाली मागेपुढे घासत, कापत, जोडत जायचं, हे तिचं काम. फंकवाले म्हणाले, आमच्या गाण्यांचा कीस पाडलास. पंकवाल्यांना यंत्रावर वाजवणारी बाई नको होती. आणि हिप-हॉपवाले तिचा डावा हात बघून हसले, ही सगळं उलटं करते म्हणून. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी असतो. ही तर तिन्ही घरची. पण उपाशी राहील ती तबकडी कसली!

उलटं मात्र खरंच होतं. दोन प्लेअरच्या मध्ये मिक्सर असतो. त्याची सरकती कळ डावीकडे नेली की डावी तबकडी वाजते, उजवीकडे नेली की उजवी. तिचा मिक्सर तिच्या वडिलांनी भंगारातून जोडला होता. रेडिओदुरुस्तीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण त्या दिवशी तारा उलट्या जोडल्या गेल्या; कळ डावीकडे नेली की उजवी तबकडी वाजायची. चूक लक्षात येऊन ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, तोवर पोरगी वाजवायला लागली होती. "राहू द्या बाबा, हात बसला," ती म्हणाली. बाबा गेले, मिक्सरची पेटी राहिली.

आता बोटं संधिवाताने आखडली होती. मागच्या कार्यक्रमात करंगळी घसरली, सुई किंचाळली, आणि ती किंचाळी लोकांनी फोनवर एकमेकांना पाठवून पाठवून जुनी केली. म्हणून संयोजकाने तिचं जुनं रेकॉर्डिंग तयार ठेवलं होतं. आज हात फसला तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण मान खाली जात नव्हती.

"ऐक ना जरा त्याचं," दादा कुजबुजला. हा तिचा थोरला भाऊ, निवृत्त वायरमन. तिचं सामान तोच वाहायचा. "उगाच अब्रू जाईल."

"माझीच जाईल ना? तू तुझी कुलपात ठेव."

या वादावादीत आवाज तपासायची वेळ निघून गेली, आणि पडदा वर गेला.

तिने डाव्या तबकडीवर ठेका धरला, उजवीवर तळवा टेकवला, कळ सरकवली. गिटार यायच्या जागी नुसता ठेकाच वाजत राहिला. पुन्हा सरकवली. जिथे थांबायचं तिथे गिटार, जिथे गिटार हवं तिथे नुसता ठेका. सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं. तिने पडद्याआड पाहिलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खरखर येते म्हणालीस ना," तो हातवारे करत पुटपुटला, "काल पेटी उघडली गं. तारा उलट्या दिसल्या, म्हटलं सरळ करू..."

वायरमनच तो. उलटी तार दिसल्यावर त्याला गप्प बसवणार कोण! तिला त्याचा गळा धरावासा वाटला आणि त्याच क्षणी हसूही आलं. पलीकडे संयोजकाचं बोट रेकॉर्डिंगच्या बटणावर गेलं होतं. तिने त्याला तळहात दाखवला. खबरदार!

मग तिने दोन्ही तबकड्या उचलल्या. डावी उजवीकडे ठेवली, उजवी डावीकडे. आता कळ पुन्हा तिच्या सवयीची झाली. अडचण एकच, घासायची तबकडी डाव्या अंगाला गेली होती. तिने उजवा हात डाव्या हातावरून पलीकडे टाकला. हातांची फुली करून ती उभी राहिली आणि सुरू झाली.

गिटार कापत आलं. ठेक्यावर पडलं, उलटलं, पुन्हा पडलं. खांदे पेटले, बोटं ठणकली. मध्येच करंगळी घसरली आणि सुई किंचाळली. तिने तीच किंचाळी पुन्हा ओढली, ठेक्यावर बसवली, पुन्हा पुन्हा ओढली. मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं. पाय आपटायला मागच्या रांगेने सुरुवात केली, मग अख्ख्या सभागृहाने. संयोजकाने बोट कधी काढून घेतलं, हे त्याचं त्यालाही कळलं नसेल.

सगळे गेल्यावर दादा मंचाच्या कडेला पेटी उघडून बसला. मान वर करायची त्याची छाती होत नव्हती.

"चुकलं गं माझं."

"खरखर गेली ना पण?"

"गेली."

"मग तेवढी दुरुस्ती राहू दे. बाकी बाबांनी केलं होतं तसं कर."

"म्हणजे चुकीचं?"

"म्हणजे माझं."

त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला. ती त्याच्या शेजारी जमिनीवर टेकली आणि बॅटरी धरली. एका हाताची बोटं मिटेनात, म्हणून तिने बॅटरी दोन्ही हातांत धरली, आणि उजेड हलू दिला नाही.