नांगर आवरा, मी बांध बोलतोय

मी बांध बोलतोय. व्हय, बांध! मंद्रूपच्या शिवारात सिद्धप्पा आणि ज्ञानबा यांच्या रानांच्या मधोमध पडलोय. दोघांच्या बापांनी मिळून टिकाव-घमेल्यानं मला घातलं, तेव्हा माझ्यावरून बैलगाडी जायची. पुढं पुढं एकटा माणूस चालला तरी त्याचा तोल जायचा. नांगरट आली की हा इकडून नांगराचं एक तास, म्हणजे एका रेघेएवढं माझं अंग, खायचा, तो तिकडून. वर एकमेकांनाच चोर म्हणायचे! वैताग आला होता नुसता.

उरलंसुरलं अंग दर उन्हाळ्यात पेटवून द्यायचे. म्हणे बांध स्वच्छ पाहिजे! माझ्या गवतात तित्तर, चंडोल अंडी घालायचे, ते गेले. मग तुरीवर अळी मातली आणि दोघं औषध फवारून फवारून बेजार झाले.

शेवटी गेल्या वर्षी सिद्धप्पाच्या बायकोनं, गुरम्मानं, काडेपेटीच लपवली. म्हणाली, "गवत ऱ्हाऊ द्या. पाखरं आली तर अळ्या खातील की!" पावसाळ्यात गवत कमरेला लागलं आणि दिवाळीच्या सुमारास एक तित्तर माझ्या कुशीत अंड्यांवर बसलं. किती वर्षांनी! मला तर रडूच आलं.

पण ज्ञानबाला काय दिसलं? नुसतं गवत! "बांध ढापायचा बेत हाय ह्यांचा," म्हणत तो पाठीवर तणनाशकाचा पंप घेऊन आला. माझा जीव वरखाली. तेवढ्यात गुरम्मा धावत आली.

"अण्णा, थांबा! अंडी हायती तितं."

"वयनी, अंड्याचं निमित्त सांगू नका. उद्या म्हणाल, बांध आमचाच."

"आख्खा बांध तुमचा म्हणा. वर आमच्या रानातली दोन तासं बांधाला सोडते. पर हितं औषध मारू नका."

"अगं, येड लागलं का तुला?" सिद्धप्पा मागून ओरडला. ज्ञानबानं मात्र फुकटची जमीन ऐकून पंप खाली ठेवला.

पिलं बाहेर आली आणि आईच्या मागं तुरुतुरु निघाली, ती थेट ज्ञानबाच्या तुरीत! किडे टिपू लागली. झालं, सिद्धप्पाचं डोकं फिरलं. "रान आमी सोडायचं आन पाखरं ह्याच्या अळ्या खाणार व्हय?" पाखरं आपल्याकडं वळावीत म्हणून पुढच्या नांगरटीला त्यानं आणखी दोन तासं गवताला सोडली. ते बघून ज्ञानबानं आपल्या बाजूची तीन सोडली. आलेली पाखरं जायला नकोत ना!

आता मी ऐसपैस पसरलोय. पाखरं कुणाची, यावरून दोघं रोज हमरीतुमरीवर येतात. गावकऱ्यांनो, हात जोडतो, त्यांच्यात समेट घडवायला तेवढं येऊ नका.