गार हात

केडगावातल्या निम्म्या पोरांची अंगं छबूबाईनं चोळली होती. पाय लांब करून पाटावर बसायचं, मूल पायांवर घ्यायचं, तेलानं रगडायचं आणि पाणी घालून असं झोपवायचं की आईला दोन तास बघायला नको. तिच्या हाताबद्दल आजवर कुणी ब्र काढला नव्हता. त्यामुळे दयाच्या रूबेनला ती हुमेरा मॅडम कसली थेरपी देते, हे बघायला छबूबाई नाक मुरडतच गेली.

रूबेन सातव्या महिन्यात जन्मलेला, महिनाभर काचेच्या पेटीत राहिलेला. सव्वा वर्षाचा झाला तरी आईनं उचललं की लाकडासारखा ताठ व्हायचा. छबूबाईच्या मांडीवर मात्र लोण्याचा गोळा. इतर घरांतून तिची सहा महिन्यांत सुट्टी होई, इथून झाली नव्हती. दयासमोर ती हळहळायची खरी, पण आतून तिला गुदगुल्या व्हायच्या.

मॅडमच्या खोलीत औषध नव्हतं की सुई नव्हती. जमिनीवर नुसती गादी. मॅडमनं पोराला हातसुद्धा लावला नाही. दयालाच भिंतीला टेकवून बसवलं, पाय लांब करायला लावले.

"आधी तुम्ही अंग सैल सोडा. तुम्ही ताठ, तर तोही ताठ. हं, आता घ्या त्याला पायांवर."

छबूबाईचा नुसता जळफळाट झाला. ही बैठक तिची होती, चाळीस वर्षांची. या शिकलेल्या बाईनं ती आयती उचलली, आणि दिली कुणाला, तर जिला लंगोट धड बांधता येत नाही तिला.

रूबेन ताठ झाला, रडायला लागला आणि त्यानं छबूबाईकडे हात पसरले. तिला बरं वाटलं. रडू दे, कळू दे मॅडमला.

"पाठीवर हात ठेवा त्याच्या," मॅडम म्हणाली. दयाचे हात गादीवरच राहिले.

"माझे हात गार असतात. तो दचकतो."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मलाच माहितीय."

सांगितलं होतं छबूबाईनं. पेटीतून पोर घरी आलं त्या आठवड्यात दया पहिल्यांदा त्याला तेल लावायला बसली, आणि तिच्या हाताखाली ते लगेच शांत झालं. छबूबाईला ते सोसवलं नव्हतं. आता दया खरंच विसरली होती की आपल्याला पाठीशी घालत होती, हे छबूबाईला कळेना. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तिला लाजच वाटली.

"म्या सांगितलं," ती म्हणाली. "खोटं सांगितलं. गार न्हाईत तुजे हात. मला बघवलं न्हाई."

दयाचे डोळे भरून आले. मग तिनं पोराला जवळ ओढून दोन्ही हात त्याच्या पाठीवर ठेवले. रूबेन बराच वेळ रडला. पुढे हुंदके उरले, मग नुसता श्वास, आणि त्याची मान आईच्या छातीवर कलली.

खरं बोलल्यावर आतली आग विझेल, असं छबूबाईला वाटलं होतं. ती विझली नव्हती.

"मावशी, उद्यापासून अंघोळ मी घालीन," दया मान वर न करता म्हणाली.

"व्हय," छबूबाई म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "मानेखाली हात धर. तितं त्याला लई बरं वाटतं."