यादीतली आपली माणसं

ठशांनी छापलेल्या चादरी मी ऑनलाइन विकते. सगळा कारभार राजाजीनगरच्या घरातून चालतो आणि सगळी भिस्त ईमेलवर. ज्याला चादर आवडते तो साइटवर स्वतःहून पत्ता देतो, नवी छपाई आली की मी त्याला लिहिते. अशी माणसं थोडीच होती, पण ती वाचायची आणि घ्यायची.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते थोडकेपण खुपायचं. अण्णा म्हणजे हणमंतराव, आमच्या समाजाचे चिटणीस. लग्नपत्रिका कुणाकुणाला जायला हवी, हे त्यांना तोंडपाठ. आमच्यात पत्रिका हवी का, असं कुणी विचारत नाही. एखादं घर राहिलं की अबोला ठरलेला. त्याच न्यायाने त्यांनी अख्ख्या समाजाचे ईमेल पत्ते माझ्यापुढे ठेवले.

"घाल सगळ्यांना. आपलीच माणसं."

"त्यांनी मागितलं नाही, अण्णा."

"मागायला ते काय परके हायत?"

मी कच खाल्ली आणि घातले.

त्यानंतर ऑर्डरी आटत गेल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मारतहळ्ळीची संहिता माझं जुनं गिऱ्हाईक. तिने फोन करून विचारलं, "अहो, तुम्ही बिझनेस बंद केलात का?" माझी पत्रं तिच्याकडे स्पॅममध्ये पडत होती. इकडे उगादीची, म्हणजे पाडव्यासाठीची, छपाई तयार होऊन खोलीभर रचलेली. ती पडून राहिली असती तर मला गाशाच गुंडाळावा लागला असता.

उलगडा झाला तो एका बारशात. सकवार अक्का, माझी चुलती, जेवता जेवता म्हणाली, "तुझी पत्रं लई येतात गं, भार्गवी."

"मग बंद करायची. खाली बटण असतं."

"ते दाबलं की तुला आमचं नाव दिसतं म्हणे. हणमंतरावाच्या लेकीला तोंडावर नको कसं म्हणायचं? म्हणून ते स्पॅम दाबलं. त्याचं कुणाला कळत नाही. आम्ही सगळ्यांनी तेच केलं."

पंगतीतल्या बायकांनी माना डोलावल्या. पुष्कळ लोकांनी स्पॅम दाबलं, की मागून घेणाऱ्यांकडेही आपलं पत्र धड पोचत नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! इतक्या अदबीने माझा गळा आजवर कुणी आवळला नव्हता.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं, की तुम्ही दिलेली सगळी नावं काढते. ते भडकले. समाजात तोंड कसं दाखवायचं, म्हणाले. निदान अण्णा तरी माझं वाचत असतील, या भरवशावर मी त्यांचा फोन मागितला. माझी सगळी पत्रं स्पॅममध्ये होती.

"सारखं वाजायचं गं," ते खाली बघत म्हणाले. "स्वल्प त्रास व्हायचा. तुला कसं सांगणार?"

अक्काचं मला हसू आलं होतं. हे मात्र लागलं. मी सगळी नावं काढली, पहिलं त्यांचं.

उगादीचं पत्र मोजक्यांनाच गेलं. दोन दिवस जीव टांगणीला होता. मग संहिताची ऑर्डर आली, तिच्यामागून इतरांच्या. सगळा माल गेला नाही, पण धंदा तगला.

त्या आठवड्यात अण्णांनी चहा पिताना विषय काढला. "मला पत्र नाही आलं."

"काढलंय तुम्हाला."

"मग घाल परत."

"मी नाही घालणार. साइटवर जाऊन तुमचं तुम्ही मागायचं."

"बापाने लेकीकडे अर्ज करायचा?"

"सगळे करतात."

कप तसाच ठेवून ते बाहेरच्या खोलीत गेले. मी पार्सलं बांधायला बसले. बऱ्याच वेळाने माझा फोन वाजला. नवा सबस्क्रायबर, हणमंतराव.

"भार्गवी," बाहेरून हाक आली, "मागितलंय मी. आता पाठव."