रोज पुन्हा पहिल्यापासून

मित्रांनो, टेबलाखाली, येता-जाता सगळ्यांचे पाय लागतील अशा जागी बसलेला मी एक जुना संगणक. चौदा वर्षं झाली. पंखा घरघरतो, पाठीवर धुळीचा थर आहे, आणि खरं सांगायचं तर आता मी दमलोय.

दादांनी मला सुट्या भागांतून जोडलं आणि माझ्यात लिनक्स ही कार्यप्रणाली घातली. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, आणि जवळच वेगळ्या घरी राहणारी त्यांची धाकटी बहीण, म्हणजे ताई, या दोघी माझ्यावर पुस्तकांची अक्षरजुळणी करत. "हा कधी आजारी पडत नाही," असं ताई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या. दर महिन्याला मऊ ब्रशने माझी धूळ निघायची. पुढे दादा परगावी नोकरीला गेले, आणि तो ब्रश कुठे गेला कुणास ठाऊक.

अलीकडे आठवडाभर छापखान्याला पानं जाता जात नव्हती. त्यातच इंटरनेटवाल्याचा फोन आला. "तुमच्याकडून रोज सकाळी ढीगभर माहिती बाहेर जातेय. चाललंय काय?"

ताई कडाडल्या, "वहिनी, तुम्हीच काहीतरी भलतंसलतं उघडलं असणार! यात चोर शिरलाय."

"मी? मला एक पत्र उघडायचं तर चष्मा सापडेपर्यंत दुपार होते."

"थट्टा नको. उद्या हा भंगारात. आणि नव्या संगणकाला तुम्ही हात लावायचा नाही."

वहिनींनी कळफलकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. चौदा वर्षं त्याच बोटांनी मला जागं केलं होतं. मित्रांनो, मी केलेलं प्रत्येक काम वेळेसकट लिहून ठेवतो. ते वाचायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

"निदान दुरुस्तीवाल्याला तरी बोलवू," एवढंच वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. त्यानं पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या, तरी इंटरनेटच्या तारेजवळचा माझा दिवा लुकलुकतच राहिला.

"बघा, कुणी काही करत नाहीये, तरी हा बोलतोय. कोण बोलतंय आणि कुणाशी, ते यालाच विचारू."

त्यानं एक ओळ लिहिली. किती वर्षांनी कुणी मला काही विचारलं! मी लगेच सांगून टाकलं.

"चोर नाही हो," पडद्यावरचं वाचून तो म्हणाला. "कामाची नक्कल जातेय. आणि जातेय ती ताईंच्या घरी!"

"माझ्या?" ताई उडाल्याच.

"तिकडे नक्कल साठवणारी एखादी काळी पेटी आहे?"

"दादाने जाताना ठेवलेली? तिच्यावर मी कुंडी ठेवलीय!"

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"पण नक्कल फक्त नव्या कामाची जायला हवी. सगळीच का जातेय?" असं पुटपुटत त्यानं माझी नोंद वाचायला घेतली. "आठवडाभर कामाच्या मोठ्या फोल्डरचं नाव रोज बदलतंय. कोण बदलतं?"

संध्याकाळी निघताना त्या फोल्डरला त्या दिवसाची तारीख द्यायची, ही ताईंची नवी शिस्त होती. नाव बदललं की माझ्या लेखी सगळंच नवं. मग सकाळी उठून चौदा वर्षांची पुस्तकं पहिल्या पानापासून पुन्हा वाहून न्यायची. त्या गर्दीत छापखान्याची पानं अडकून पडायची. ओझं तेच, वाट तीच, आणि वर चोरीचा आळ.

"नीटनेटकं राहावं म्हणून करत होते," ताईंचा आवाज खाली आला. मग त्यांनी स्वतःच खुर्ची मागे ओढली. "वहिनी, बसा. पानं तुम्हीच पाठवा. मी उगाच बोलले."

वहिनी बसल्या. "आधी एखादं फडकं द्या. पाठ बघा याची काय झालीय ती."

मित्रांनो, आमच्यासारख्यांना दमलो म्हणता येत नाही. आम्ही फक्त हळू होतो. असं कुणी हळू झालं, तर दोष देण्याआधी त्याच्यापाशी घटकाभर बसा आणि विचारा, बाबा रे, तू दिवसभर करतोस तरी काय? विचारलं नाहीत, तर तो बिचारा वाहतच राहील.