चाळीस हजारांची खोली

एदिल्सननं आईशी खोटं बोलायचं ठरवलं ते बोगोतातच, बसची तिकिटं काढताना. साठी उलटलेल्या फ्लोरालबानं जन्मभर थंड डोंगरातल्या आकितानिया गावात कांद्याच्या जुड्या सोलून बांधल्या होत्या, समुद्र कधी पाहिला नव्हता. आणि भाव विचारल्याशिवाय ती बाहेर पाणीसुद्धा पीत नसे. खरे आकडे कळले असते तर बेटाकडे बोटी सुटतात त्या तोलूच्या धक्क्यावरूनच ती माघारी फिरली असती.

म्हणून बेटावर सगळंच स्वस्त झालं. बोटीचे जाऊन-येऊन नव्वद हजार पेसो त्यानं पंधरा सांगितले. खोलीचे माणशी रोजचे दोनशे वीस हजार चाळीसवर आणले, तळलेला मासा आणि नारळी भात पन्नासाचा बारावर. घरमालकीण नीदियालाही त्यानं सामील करून घेतलं.

"तुमच्या आईनं गावभर माझी जाहिरात केली तर मी भिकेला लागेन हो," ती हसत म्हणाली.

चार दिवस फ्लोरालबा पोटभर जेवली, चपला हातात घेऊन पाण्यात उभी राहिली, पोरीसारखी खिदळली. एदिल्सनच्या क्रेडिट कार्डावरचा आकडा फुगत होता, पण तो खूश होता. जरा फुशारलाच होता म्हणा ना. रोज संध्याकाळी आई गावाकडच्या जिवलग मैत्रिणीला, त्रान्सितोला, फोन लावायची. त्या गप्पांकडे कान द्यावा असं त्याला एकदाही वाटलं नाही. तिथंच त्याचं चुकलं.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडे त्रान्सितो तावातावानं बोलत होती.

"अगं फ्लोरालबा, मी तोलूला आलेय! तुला न सांगताच यायचं होतं. मेंढी विकली, रात्रभर बसनं आले, आणि हा मेला बोटीचे नव्वद हजार मागतोय!"

"नव्वद? लुबाडतोय तो तुला! पंधराच्या वर एक पेसो देऊ नकोस." फ्लोरालबानं फोन लेकाच्या हातात कोंबला. "तूच सांग रे त्या चोराला. पुरुषाचा आवाज ऐकला की वठणीवर येईल."

एदिल्सननं फोन कानाला लावला. फोनवर आता बोटवाला होता.

"साहेब, वर्षभर हाच भाव आहे. या बाई मला चारचौघांत चोर म्हणतायत."

"त्यांना बसवा," एदिल्सन हळू आवाजात म्हणाला. "पंधरा घ्या त्यांच्याकडून. वरचे पंच्याहत्तर मी इथं देतो."

त्यानं फोन ठेवला. आई त्याच्याकडे बघत होती.

"खोली?" तिनं विचारलं.

"माणशी दोनशे वीस."

"मासा?"

"पन्नास."

"अर्धा मासा मी मांजराला घातला रे." ती खाटेवर टेकली. "खरं सांगितलं असतंस तर मी आले नसते, कबूल. पण तिनं माझ्या शब्दावर मेंढी विकली. तिला आता काय तोंड दाखवू?"

"मी भरतो ना तिचे."

"कशातून?"

 त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचे लाड करायची हौस त्याची, आणि मेंढी गेली त्रान्सितोची.

फ्लोरालबानं पिशवी भरायला घेतली. "माझ्या राहिलेल्या तीन रात्री तिला दे. मी त्याच बोटीनं परत जाते. मी समुद्र पाहिला, तिनं नाही पाहिला."

"आई, अशी शिक्षा नको गं करूस."

"आणि ती पैसे देईल ते मुकाट्यानं घे. चाळीसच्या हिशेबानंच. नाही घेतलेस तर तिला कळेल, आणि कळलं तर इथं तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

बोट लागली. एदिल्सननं बोटवाल्याच्या हातावर पैसे ठेवले. लोकरीच्या जाड शालीत घामानं निथळणारी त्रान्सितो उतरली आणि मैत्रिणीच्या गळ्यातच पडली.

"कांद्याच्या कामावर तातडीनं बोलावलंय गं, जावंच लागतंय," फ्लोरालबानं तिच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. "तू राहा. हा आहे ना बघायला."

आईला खोटं बोलताना एदिल्सन पहिल्यांदाच ऐकत होता.

त्रान्सितोनं थोडी कुरकुर केली, मग रुमालाची गाठ सोडली. "तीन रात्रींचे एकशे वीस हजार. मोजून घे बाळा. त्या चोराला मात्र बरा सरळ केलास हं!"

त्यानं नोटा घेतल्या, तिच्यासमोर मोजल्या, खिशात घातल्या. बोट सुटली. फ्लोरालबा बराच वेळ हात हलवत राहिली, त्रान्सितोकडे बघून. त्याच्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.