भावाच्या आंब्याभोवतीचं घर

वाटणीत पंचांनी पाली गावातली घराची जागा गेनबाला दिली आणि त्याच जागेतला आंबा धाकट्या सावळारामाला. कुणी कुणाच्या वाट्याला हात लावायचा नाही, असंही बजावलं. पंच जेवून आपापल्या घरी गेले, भाऊ मात्र त्या दिवसापासून एकमेकांशी बोलेनासे झाले.

लढाईच्या वर्षांत गेनबानं घर बांधायला काढलं. भिमा सुतार म्हणाला, "आंबा सोडून पल्याड बांधा की." गेनबा ऐकतोय कुठला. त्यानं आंब्याच्या चहूबाजूंनी सोपे घेतले आणि मध्ये उघडा चौक ठेवला. सकाळचं ऊन बायकोच्या, साळूबाईच्या चुलीपर्यंत यावं म्हणून पूर्वेचा सोपा ठेंगणा केला. छपराच्या आतल्या पाख्यांचं पाणी आंब्याच्या आळ्यात, उरलेलं मोरीतून गोठ्यात, गुरं पाणी पितात त्या डोणीत. एवढ्या घराला दार मात्र एकच.

गाव म्हणालं, गेनबानं भावाचं झाड कोंडलं. गेनबानं म्हणू दिलं. खरं सांगायची त्याला लाज वाटत होती. आंबे उतरवायला तरी सावळ्याला आपल्या दारातून यावं लागेल, दोन घटका ओट्यावर टेकावं लागेल, एवढ्यासाठी त्या शहाण्यानं हा सगळा घाट घातला होता. भावावाचून त्याला करमत नव्हतं.

आंबे पाडाला लागले. सावळाराम आला, पण गोठ्यावर चढून, नव्या कौलांवरून कडाकडा चालत, थेट फांदीवर. खाली सोप्यात गेनबा एकेका कौलाचा आवाज ऐकत होता.

इतक्यात वळीव कोसळला. कौलं निसरडी झाली. परतायची वाट आता एकच, घरातून.

"वहिनी," सावळाराम वरून म्हणाला, "दादाला सांगा, म्या त्याच्या दारातनं जायाचा न्हाई."

गेनबा पाठ करून बसला होता. "सांग त्याला, बस म्हणावं सकाळपातुर."

"वहिनी, मोरी तुंबलीया. पानी सोप्यात शिरंल म्हणावं."

"पानं कुणाची हायती, इचार त्याला."

साळूबाई वैतागून भात टाकायला आत गेली. भावांच्या ते ध्यानातच आलं नाही.

"म्या उतरलो, तर कडी लावून घेशील. समद्या गावाम्होरं माफी मागाय लावशील."

"कडी न्हाई दाराला."

"न्हाई म्हंजी?"

"बसवलीच न्हाई. तू कवा येशील, काय म्हाईत."

वर फांद्या हलल्या. मग सावळाराम उतरला, पोटरीभर पाण्यात उभा राहिला आणि मोरीतली पानं उपसू लागला. गेनबाही धोतर खोचून शेजारी वाकला.

"मोरी लई बारीक ठिवलीस, दादा."

"मग उद्या मोटी कर," गेनबा म्हणाला. "सकाळीच ये. न्याहारी हितंच."