टेंभरखेडची अक्षरं

टेंभरखेडला बस थांबत नव्हती, आणि त्याचं कारण कागदोपत्री अगदी पक्कं होतं: तिथे प्रवासी मिळत नाहीत. आता बसच थांबत नाही म्हटल्यावर प्रवाशांनी काय झाडावरून तिच्या टपावर उड्या मारायच्या? हा प्रश्न गावानं तीन अर्जांत तीनदा विचारला होता आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं होतं. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून शिरपूरला जाणारी बस गावाच्या तोंडावरून धूळ उडवत जायची आणि दोन किलोमीटर पुढे फाट्यावर थांबायची. फाट्यावर एक पानटपरी होती आणि दोन कुत्री.

सगळ्यात जास्त जाच होता तो रुपाबाईला. ही तांड्यावरची म्हातारी. तिची लेक भागिरथा शिरपूरला दिलेली. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून फाट्यापर्यंत चालणं रुपाबाईला झेपेना, आणि दिवाळीपासून लेकीची गाठ नव्हती. मोबाइलवर भागिरथा दिसायची, बोलायची; पण मोबाइलमध्ये हात घालून तिच्या डोक्यावरून फिरवता येत नाही, अशी म्हातारीची तक्रार होती. ती तक्रार ती रोज ग्रामपंचायतीत येऊन वर्षाराणीला सांगायची, कारण संगणक वर्षाराणीच्या ताब्यात होता.

वर्षाराणी तिथली ऑपरेटर. दाखले, उतारे, अर्ज हे तिचं काम. त्या वर्षी वाशीमला बसच्या साहेबांनी सभा लावली आणि प्रत्येक गावानं आपली मागणी पडद्यावर दहा मिनिटांत दाखवावी, असं पत्र आलं. वर्षाराणीनं अकरा स्लाइड केल्या. तेवढ्यावर थांबली असती तर पुढचा घोळ झालाच नसता. पण आपल्या हस्ताक्षराचा फॉन्ट बनवता येतो, असा व्हिडिओ तिनं पाहिला आणि सरपंच जगदेवभाऊंना सहज बोलून गेली.

टेंभरखेडात एक रीत आहे. जे गावाचं, त्यात प्रत्येक घराचं काहीतरी असलंच पाहिजे. विहीर बांधली तेव्हा घरटी एक दगड आला. देवळाच्या घंटेसाठी घरटी एक फुटकं पितळी भांडं आलं, आणि ती घंटा आजही वाजवली की भांडी पडल्यासारखी वाजते. "मंग फॉन्ट एकट्याच्या हातचा कसा चालीन?" जगदेवभाऊ म्हणाले. "घरटी एक अक्षर घे!"

अक्षरांच्या वाटपाला तीन सभा लागल्या. सरपंच म्हणून 'अ' जगदेवभाऊंनी घेतला. तांड्याचे नाईक दौलतसिंग यांना 'द' सुचवला, तर तो कमरेत वाकलेला दिसतो म्हणून त्यांनी नाकारला आणि छाती काढून उभा असलेला 'म' घेतला. रतनसिंग आणि मदनसिंग हे सख्खे भाऊ दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्याच्या भांडणावरून नऊ वर्षं बोलत नव्हते. त्यांनी एकमेकांपासून लांबची म्हणून 'च' आणि 'य' ही अक्षरं निवडली. 'ङ' मात्र कोणीच घेईना.

"त्याले कामधंदा काय हाय?" पंचफुला म्हणाली. तिनं आधीच 'व' पटकावला होता. शेवटी 'ङ' बिनमालकाचा राहिला आणि तो वर्षाराणीनं संगणकातलाच ठेवला. काना, मात्रा, वेलांट्या तिनं स्वतः काढल्या.

रुपाबाईनं जन्मात पेन्सिल धरली नव्हती. ती कोपऱ्यातून म्हणाली, "मले लिवता येत नाई. पन टिंब देऊ काय?"

तिनं शाईत बोट बुडवलं आणि कागदावरच्या चौकटीत दाबलं. टिंब जरा चपटं आलं, पण आलं.

मग वर्षाराणीची वीस दिवस झोप उडाली. कागद स्कॅन कर, एकेक अक्षर कापून घे, वेबसाइटवर चढव, 'म' चौकटीबाहेर गेलाय तर पुन्हा कर. अखेर एके सकाळी फाईल तयार झाली. तिनं त्यावर दोनदा क्लिक केलं, 'इन्स्टॉल' दाबलं, सादरीकरणाचा प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, आणि फॉन्टच्या यादीत नाव आलं: टेंभरखेड. पंचफुलानं संगणकाला कुंकू लावलं. जगदेवभाऊंनी उंबऱ्यावर नारळ फोडला. अकराही स्लाइड गावाच्या हातांनी लिहिलेल्या दिसायला लागल्या. ओळी नागमोडी, 'म' सगळ्यांच्या डोक्यावर, आणि जिथे तिथे रुपाबाईचं बोट. वर्षाराणीला भरून आलं. इतकं वेडंवाकडं आणि इतकं आपलं असं तिनं दुसरं काही पाहिलं नव्हतं.

सभेला जायला गावातून दोघं पुरे होते. निघाली एकेचाळीस माणसं. आपलं अक्षर पडद्यावर दिसणार म्हटल्यावर घरी कोण बसतो? सगळी फाट्यापर्यंत चालत गेली. रुपाबाईला दौलतसिंगांनी बैलगाडीत बसवून नेलं.

सभागृहातल्या बाईंनी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर मजकूर सगळा होता, एक शब्दही इकडचा तिकडे नव्हता, पण अक्षरं सरळ, गुळगुळीत, कोणत्याही सरकारी पत्रात असतात तशी. फॉन्ट तिच्या गावच्या संगणकात होता; या संगणकात नव्हता. फाईल साठवताना फॉन्ट सोबत जोडायची एक खूण करायची असते. नारळाच्या गडबडीत ती राहिली होती. पेनड्राइव्हमध्ये फॉन्टची वेगळी फाईलही नव्हती.

साहेबांच्या दृष्टीनं काहीच बिघडलं नव्हतं. "छान, स्वच्छ आहे," ते म्हणाले. "सुरू करा."

"थांबा!" दौलतसिंग उठले. "माहा म कोठी हाय?"

"तो काय, तिथे 'मागणी' लिहिलंय ना."

"तो माहा नाई. तो कोन्या मरतुकड्याचा हाय."

मग सगळेच उठले. पंचफुला म्हणाली, तिचा 'व' बदलला. जगदेवभाऊंना संशय आला की वाटेत कोणीतरी अक्षरं काढून घेतली. साहेब समजावू लागले की अर्थ तोच आहे, वाचता येतंय ना? वाचता येण्याचा इथे काय संबंध, हे टेंभरखेडला कळेना. वर्षाराणीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दहातली सहा मिनिटं गेली होती आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर रुपाबाई गुडघे चोळत पडद्याकडे बघत होती.

तिच्याकडे पाहिलं आणि वर्षाराणीला काय सुचलं कोण जाणे. तिनं भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याजवळचा पेन उचलला.

"आपला फॉन्ट अथीच हाय," ती म्हणाली. "लायनीत या. 'आ' कोनाचा?"

एकेक माणूस आला आणि आपलं अक्षर लिहून गेला. दौलतसिंगांचा 'म' हातभर झाला. 'आमच्या'शी आल्यावर 'च' आणि 'य' जोडायची वेळ आली, आणि रतनसिंग-मदनसिंग नऊ वर्षांत पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून उभे राहिले. "सरक जरा," रतनसिंग म्हणाला. "सरकलोच हाय," मदनसिंग म्हणाला. सभागृहात कोणाला कळलं नाही, पण टेंभरखेडनं श्वास रोखून धरला होता. पंचफुलाला दोनदा यावं लागलं, ती तोऱ्यात दोनदा आली. काने वर्षाराणी देत होती. शेवटी दोघींनी रुपाबाईला धरून आणलं. तिनं पेन घेतला नाही. पेनाच्या टोकावर बोट घासलं आणि फळ्यावर दाबलं.

आमच्या गावात बस थांबवा.

साहेबांनी फळा वाचला. मग त्यांनी माणसं मोजली.

"एकेचाळीस. तुम्ही आलात कसे?"

"बसनं. फाट्यावरून."

"मग नियमाप्रमाणे तुम्ही फाट्याचे प्रवासी झालात," साहेब म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले. रुपाबाईच्या गुडघ्यांना बांधलेल्या चिंध्यांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं. "एक महिना प्रायोगिक थांबा देतो. पण रोज निदान एक प्रवासी टेंभरखेडला चढला पाहिजे. एक दिवस जरी रिकामा गेला, तर थांबा बंद. माझ्या हातात एवढंच आहे."

रोज एक प्रवासी! सोयाबीनच्या सोंगणीचे, कापणीचे दिवस, कोणाला कुठे जायची फुरसत? पण गावानं त्यावर लगेच तोड काढली: अक्षरांप्रमाणे नंबर लावायचे. वर्षाराणीनं तीस दिवसांची यादी छापून ग्रामपंचायतीच्या दारावर चिकटवली, अर्थातच टेंभरखेड फॉन्टमध्ये. पहिल्या दिवशी 'अ' म्हणून जगदेवभाऊ चढले, शिरपूरला जाऊन चहा प्यायले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी 'आ'. कंडक्टरला कळेना की या गावातून रोज एकच माणूस काही न नेता जातो आणि काही न आणता येतो, हा प्रकार काय आहे.

रुपाबाई रोज थांब्यावर येऊन बसायची. मांडीवर एक गाठोडं. म्हातारीला बस थांबताना बघायची हौस आहे, असं वर्षाराणीला वाटायचं, आणि ती लांबूनच हात करून कामाला लागायची.

सोळाव्या दिवशी एका उताऱ्यावर शिक्का मारता मारता तिची नजर यादीवर गेली. क, ख, ग, घ झाले होते. आज 'ङ'.

'ङ'ला माणूसच नव्हता.

शिक्का तसाच टाकून ती पळत सुटली. चप्पल वाटेत राहिली. सगळं गाव सोंगणीला गेलेलं, हाक मारायला रस्त्यावर चिटपाखरू नाही. वळणावर बसचा हॉर्न वाजला. एवढ्या खटपटीनं मिळालेली गोष्ट आपल्या एका यादीनं घालवली, या विचारानं तिला पळता पळताच रडू फुटलं.

बस उभी होती. दाराच्या दांडीला धरून रुपाबाई पायरी चढत होती आणि कंडक्टर तिचं गाठोडं वर घेत होता.

"रुपामाय!" वर्षाराणी धापा टाकत म्हणाली. "बरं झालं वं! तू होती म्हनून."

"मी तं रोजच हावो," रुपाबाई म्हणाली. "भागिरथासाठी तिळाचे लाडू केले व्हते, ते बी आता कडक झाले असतीन."

"मंग आजवर गेली काहून नाई?"

"नंबर कोठी व्हता माहा?" म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सकाळी सकाळी त्या यादीखाली जाऊन उभी राहो. जगदेवले इचारलं, पंचफुलाले इचारलं. सारे म्हनत, टिंबाचं नाव नाई. म्या म्हनलं, लोकायचे नंबर होऊ द्या अगुदर. आज कोनीच आलं नाई, तं चढून राह्यली."

कंडक्टरनं घंटी ओढली आणि बस शिरपूरकडे निघाली. ग्रामपंचायतीत परत येऊन वर्षाराणीनं आधी संगणक चालू केला, यादी उघडली, आणि तीसच्या तीस ओळींपुढे रुपाबाईचं नाव टाकलं.